काविळीचं मुखपृष्ठ

मुखपृष्ठ मशीनवर चढलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. सप्टेंबर संपत आलेला, बाहेर पाऊस, आणि दिवाळी अंक बाजारात जायला तीन आठवडे. डिलिव्हरीवरच्या ट्यूबचा चोक संध्याकाळीच गेला होता. हेल्परने तिथे शंभराचा बल्ब टांगला आणि काम चालू झालं. चित्रात हातात निरांजन घेतलेली, मोरपंखी शालूतली बाई होती. संपादकांनी दुपारी बजावून ठेवलं होतं, शालूची जर झळकली पाहिजे. शीट बाहेर येत होत्या, आम्ही दोघं-तिघं बल्बखाली वाकून बघत होतो, आणि जर काही झळकत नव्हती. "अजून थोडा यलो द्या काका," असं मी किती वेळा म्हणालो ते आता आठवत नाही. काका म्हणजे आमचे मशीनमन. त्यांनी दोनदा मान हलवली, मग कंटाळून शाईच्या डक्टच्या चाव्या उघडल्या. तासाभराने जर मनासारखी झळकायला लागली, मी एका शीटवर सही केली आणि घरी गेलो.

सकाळी गठ्ठे दाराशी रचलेले होते. पाऊस थांबला होता. दिवसाच्या उजेडात पाहिलं तर त्या बाईला रातोरात कावीळ झालेली. गाल पिवळे, डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा, मोरपंखी शालू पोपटी झालेला. जर मात्र झळकत होती, त्याबद्दल तक्रार नाही.

कागद पुन्हा आणावा लागला. खर्च कोणी सोसला हे इथे सांगत बसत नाही. सांगायचंय ते हे, की त्या रात्री कोणाचेही डोळे बिघडलेले नव्हते, शाई खराब नव्हती, प्लेटही बरोबर होती. दगा दिला तो बल्बने, आणि तोही अगदी नियमाला धरून.

छपाईची शाई रंग 'देते' असं आपण बोलण्यात म्हणतो. प्रत्यक्षात ती रंग खाते. पांढरा कागद त्याच्यावर पडलेला जवळजवळ सगळा प्रकाश परत पाठवतो. सायन शाई त्यातला तांबडा भाग गिळते, मॅजेंटा हिरवा गिळते, पिवळी शाई निळा गिळते. उरलेलं डोळ्यापर्यंत येतं आणि त्यालाच आपण रंग म्हणतो. म्हणजे पिवळ्या शाईचं सगळं कर्तृत्व निळ्या प्रकाशावर अवलंबून. आता तारेचा बल्ब घ्या. त्याच्या प्रकाशात तांबडा-पिवळा भाग भरपूर आणि निळा चिमूटभर. त्या बल्बखाली पिवळ्या शाईला खायलाच काही नसतं. ती कागदावर असली काय, नसली काय, परत येणाऱ्या प्रकाशात फारसा फरक पडत नाही. पातळ थर आणि जाड थर सारखेच दिसतात. त्या रात्री प्रूफ शेजारीच ठेवलेलं होतं, पण प्रूफमधला पिवळा आणि शीटवरचा पिवळा यांतलं अंतर दाखवण्याची ताकदच त्या उजेडात नव्हती. आम्ही उपाशी शाईला वाढत गेलो. सकाळी सूर्याने भरपूर निळा आणून दिल्यावर ती पोटभर जेवली.

जुने छपाईवाले पिवळ्याची तपासणी निळ्या काचेतून करत. त्या काचेतून पिवळा ठिपका काळा दिसतो आणि त्याची जाडी-पातळी लपत नाही. आम्ही केलं ते याच्या नेमकं उलटं होतं.

मग एक प्रश्न उरतो. बल्ब इतका पिवळा होता, तर कागद आम्हाला पांढरा कसा दिसत होता? कारण डोळ्यामागचा मेंदू भलताच समजूतदार आहे. खोलीतला उजेड पिवळट असेल तर तो सगळ्याच दृश्यातून तेवढा पिवळा वजा करतो आणि कागद पांढरा ठरवून मोकळा होतो. म्हणूनच समईच्या उजेडातला भात आपल्याला पिवळा वाटत नाही. रोजच्या जगण्यात हा गुण फार सोयीचा. टोमॅटो पिकलाय की नाही हे सकाळी आणि संध्याकाळी एकसारखं कळायला हवं. छपाईत मात्र हीच समजूतदारी नडते, कारण उजेड बदलल्याची वर्दीच मेंदू आपल्याला देत नाही. फेब्रुवारी २०१५मध्ये एका पोशाखाचा फोटो जगभर फिरला होता. काही लोकांना तो निळा-काळा दिसे, काहींना पांढरा-सोनेरी, आणि घराघरांत भांडणं. फोटोतला उजेड कसला, याबद्दल प्रत्येकाच्या मेंदूने परस्पर वेगळा अंदाज बांधला होता. पोशाख खरोखर निळा-काळा होता.

हे झालं एकाच छापाचं, दोन उजेडांतलं. याहून अवघड दुखणं दोन वस्तूंचं आहे, आणि ते महाराष्ट्रातल्या बायकांना कोणत्याही छपाईवाल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मॅचिंग सेंटरमध्ये जाऊन पाहा. आमसुली साडी घेऊन आलेली बाई ब्लाउजपीसचे दहा तागे उलगडायला लावते, एक पसंत करते, आणि मग दोन्ही हातांत घेऊन थेट दुकानाच्या दारात येते. दुकानदारही काही बोलत नाही, गिऱ्हाईक दारात जाणार हे त्याने गृहीत धरलेलं असतं. ट्यूबखाली तंतोतंत जुळलेला तुकडा दारात विटकरी निघतो. ती परत आत जाते.

हे का होतं? आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचे तीनच प्रकार आहेत. समोरून येणाऱ्या प्रकाशात कितीही बारकावे असोत, डोळा त्याचे तीन आकडे करतो आणि बाकी हिशेब फेकून देतो. किराणा दुकानाच्या दोन बिलांची बेरीज सारखी येऊ शकते; एकात साखर-पोहे असतील, दुसऱ्यात तेल-रवा. डोळ्याला फक्त बेरीज दिसते, यादी दिसत नाही. उजेड म्हणजे त्या दिवसाचा भाव. भाव तोच आहे तोवर दोन्ही बेरजा जुळलेल्या. उद्या तेल महागलं की एकच बिल वाढतं आणि जुळलेलं फुटतं. साडीचा रंग एका रंगद्रव्याने आणलेला, ब्लाउजपीसचा दुसऱ्याच, त्यामुळे दोघांच्या याद्या वेगळ्या. या प्रकाराला मेटामेरिझम म्हणतात. असे जुळे रंग पहिल्यांदा 'मेटामेर' या नावाने ओळखले ते विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी. १९०९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेला हा जर्मन शास्त्रज्ञ पुढे रंगांच्याच मागे लागला.

छापखान्यात अशा बिलांची जत्रा असते. गिऱ्हाइकाला दाखवलेलं प्रूफ इंकजेटवर काढलेलं, त्यातली रंगद्रव्यं ऑफसेटच्या शाईपेक्षा वेगळी. कंपनीच्या बोधचिन्हाचा रंग कधी खास कालवलेल्या शाईने छापतात, कधी चार रंगांच्या ठिपक्यांतून उभा करतात. सगळ्यांत नाजूक म्हणजे राखाडी. एक राखाडी नुसत्या काळ्या शाईच्या विरळ ठिपक्यांनी होतो. दुसरा सायन, मॅजेंटा आणि यलो यांच्या तोलाने होतो, साधारण सायन पन्नास टक्के आणि बाकी दोन चाळीस-चाळीस. योग्य उजेडात दोघांत फरक दिसू नये, अशी अपेक्षा. उजेड बदलला की काळ्या शाईचा राखाडी जागचा हलत नाही, आणि तिघांच्या भागीदारीतला कधी तांबूस होतो, कधी हिरवट. कारखान्यातल्या नटबोल्टचा कॅटलॉग छापताना मी जेवढा घाम गाळलाय तेवढा नट्यांच्या फोटोंवर नाही.

तेव्हा उजेड कोणता धरायचा, हे कधीतरी ठरवावं लागणारच होतं. विजेआधीच्या काळात प्रश्नच नव्हता, कारण काम दिवसाचं. चित्रकार उत्तरेकडची खिडकी निवडत, कारण आपल्या गोलार्धात तिथून थेट ऊन क्वचितच येतं आणि दिवसभर उजेडात त्यातल्या त्यात कमी बदल होतो. गिरणगावातल्या कापडगिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरं ज्यांनी पाहिली असतील त्यांना त्या दात्यांची काचेची बाजू आठवेल. ती उत्तरेला असे. १८९४ साली गिरगावात सुरू झालेल्या आणि पुढे घाटकोपरहून मळवलीला गेलेल्या रवि वर्मा प्रेसचाच विचार करा. जर्मन तंत्रज्ञ, जर्मन यंत्रं, आणि एकेका चित्राला एकेका रंगाचा वेगळा दगड. दगडामागून दगड दिवसाउजेडी जुळवून काढलेल्या त्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरांत गेल्या आणि तिथे त्यांचं दर्शन झालं ते समईच्या उजेडात. तेलाच्या ज्योतीत निळा जवळपास नसतोच. लक्ष्मीचं लाल लुगडं त्यात पेटून उठत असणार आणि मागचं निळं आभाळ विझत असणार. भाविकांना यात काही वावगं वाटलं नाही, कारण त्यांच्यापाशी ताडून बघायला प्रूफ नव्हतं.

उजेडाचा रंग मोजतात केल्विनमध्ये. इथे बोलीभाषा आणि भौतिकशास्त्र यांचं वाकडं आहे. आपण तांबड्या-पिवळ्याला उष्ण म्हणतो आणि निळ्याला थंड. लोहाराच्या भट्टीत मात्र लोखंड आधी तांबडं होतं, मग नारिंगी, पिवळं, शेवटी पांढरं; आणखी कितीतरी तापवता आलं तर निळसर झालं असतं. म्हणून ज्योतीचा आकडा दोन हजारांच्या आसपास, तारेच्या बल्बचा सत्तावीसशे-अठ्ठावीसशे, दुपारच्या उन्हाचा पाच ते साडेपाच हजार, ढगाळ आभाळाचा साडेसहा हजार, आणि निरभ्र निळ्या आभाळाखालच्या सावलीचा दहा हजारांच्याही वर. आपल्याकडच्या दुकानांत 'कूल डेलाइट' म्हणून सर्रास विकला जाणारा एलईडी ६५०० केल्विनचा असतो. म्हणजे जुलै महिन्यातलं ढगाळ आभाळ आपण बारा महिने घराच्या छताला टांगलेलं आहे.

कापड आणि रंगलेप यांच्या धंद्याने ६५०० पसंत केला. छपाईने ५००० धरला आणि त्याला डी५० हे नाव आहे. निळा, हिरवा, तांबडा हे तिन्ही भाग त्यात बऱ्यापैकी तोलात असतात, कुठल्याही शाईला उपाशी ठेवलं जात नाही. यातली गंमत अशी की डी५० नावाचा दिवा जगात कुठेच नाही. तो आकड्यांचा एक तक्ता आहे. कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश असावा याचा. दिवे बनवणारे त्याच्या जवळ जायची धडपड करतात. किती जवळ आलं म्हणजे चालेल, हे आयएसओ ३६६४ या मानकात लिहून ठेवलेलं आहे.

दिव्यावर ५००० छापलेलं असलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. केल्विनचा आकडा हीसुद्धा बेरीजच आहे. साध्या ट्यूबच्या प्रकाशात पाऱ्याचे उभे सुळके असतात, ४३६ आणि ५४६ नॅनोमीटरला ठळक, आणि मधल्या दऱ्या रिकाम्या. एलईडीत ४५० च्या आसपास निळ्याचा उंच डोंगर, लगेच पुढे खड्डा, मग पिवळ्याची सपाट टेकडी. दोघांची बेरीज ५००० येऊ शकते. म्हणून दिवा रंगांशी किती प्रामाणिक आहे याचा दुसरा आकडा बघतात, सीआरआय. मानकाला तो किमान ९० लागतो. त्यातही एक पळवाट आहे. सीआरआयची सरासरी आठ फिकट नमुन्यांवरून काढतात, गडद तांबडा त्यात धरलेलाच नाही. त्यामुळे घरात लावायचा ८० सीआरआयचा स्वस्त एलईडीही कागदोपत्री बरा ठरतो आणि त्याच्याखाली कुंकू विटलेलं दिसतं. हळदीकुंकवाचे फोटो बेरंगी का येतात, याचं खापर नेहमी फोनवर फुटतं.

रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियम दिवे हा याचा कळस. त्यांतल्या कमी दाबाच्या जातीत प्रकाश जवळजवळ सगळाच ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा. भावांच्या यादीत एकच जिन्नस! त्या उजेडात निळी गाडी, तांबडी गाडी, हिरवी गाडी सगळ्या मातकट, फरक फक्त गडद-फिक्याचा. मुंबईचे पिवळे दिवे जास्त दाबाच्या, म्हणजे थोड्या बऱ्या जातीचे होते. २०१५ साली मरीन ड्राइव्हवर त्यांच्या जागी पांढरे एलईडी आले तेव्हा केवढा गदारोळ झाला. दिव्यांच्या त्या पिवळ्या रांगेचा राणीचा हार गेला म्हणून मुंबईकर हळहळले. मला वाईट वाटलं, पण माझ्यातला छपाईवाला गप्प बसला.

आता उजेड किती, हा भाग. मानकाने दोन पायऱ्या ठेवल्या आहेत. प्रूफ आणि शीट शेजारी ठेवून बारकाईने जुळवायचं तर २००० लक्स. छापील वस्तू माणूस घेऊन बघेल तशी जोखायची तर ५०० लक्स. भर दुपारी उन्हात लाखभर लक्स असतात आणि घरात वाचताना दोन-तीनशे मिळाले तरी खूप. २००० लक्सला काळ्या केसांतली बटन्‌बट सुटी दिसते आणि रंगही जास्त भरलेले वाटतात. तेवढ्यावर खूश होऊन सही केली तर तेच चित्र घरी सोफ्यावर मलूल वाटतं. उजेड आणखी उतरला तर रंगांचे आपसातले मानपानच बदलतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी दोनशे वर्षांपूर्वी हे फुलांवर टिपलं होतं. दिवेलागणीला अंगणातल्या जास्वंदीकडे बघा. दुपारी पानांपेक्षा झगझगीत असलेलं फूल काळं पडलेलं असतं आणि पानं उजळलेली. अंधारात डोळ्याचा कारभार दुसऱ्या पेशींकडे जातो आणि त्यांना तांबड्याचं काही कळत नाही.

उजेड ठीक असला तरी शेजार ठीक हवा. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत १८२४ साली शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ रंगशाळेचे प्रमुख झाले, आणि त्यांच्याकडे तक्रार आली की काळी लोकर पुरेशी काळी नाही. त्यांनी रंग तपासला. रंगात खोट नव्हती. खोट होती शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्यात. रंग शेजाऱ्याच्या विरुद्ध बाजूला सरकतो, हे त्यांनी पुढे १८३९ साली भल्याथोरल्या ग्रंथात मांडलं. प्रूफ बघायच्या टेबलाभोवती निर्विकार, न चमकणारा राखाडी असावा असा दंडक यामुळेच आहे. आमच्या प्रेसच्या भिंतींना छातीपर्यंत हिरवा ऑइलपेंट होता, मळ दिसू नये म्हणून. त्या हिरव्याशेजारी प्रत्येक चेहरा तांबूस दिसे, आणि वर भिंतीवरून उसळलेला हिरवट उजेड शीटवर पडे तो निराळाच. एकदा गिऱ्हाईक भगवा सदरा घालून आलं आणि टेबलावर वाकलं. त्यांच्या सदऱ्याचा रंग शीटच्या पांढऱ्यावर उतरलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. सदरा काढा म्हणायची हिंमत झाली नाही. हेल्परचा काळा ॲप्रन दिला.

कागद तरी पांढरा असतो का? आजी धोतरं धुतल्यावर शेवटच्या पाण्यात नीळ टाकायची. नीळ कापडाचा पिवळेपणा झाकते, पण त्यासाठी थोडा प्रकाश खाते; कापड पांढरं वाटतं ते किंचित काळवंडून. आजच्या कागदातली आणि साबणपावडरीतली उजळद्रव्यं याहून चलाख आहेत. ती डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश गिळतात आणि निळा म्हणून बाहेर टाकतात. कागदावर पडलेल्यापेक्षा जास्त निळा परत येतो. पण हा सगळा खेळ अतिनीलच्या जिवावर. खिडकीशी बसलं तर कागद बर्फासारखा, साध्या एलईडीखाली तोच कागद दुधाळ, कारण त्या दिव्यात अतिनील नाहीच. प्रूफचा कागद एका जातीचा, छपाईचा दुसऱ्या, आणि दोघांत उजळद्रव्य कमीजास्त, की शाई न लावताच भांडण सुरू. आयएसओ ३६६४ च्या २००९ च्या आवृत्तीने दिव्यातलं अतिनीलचं प्रमाण कडक केलं, आणि ज्यांच्या टेबलांवर जुन्या ट्यूबा होत्या त्यांना त्या बदलणं भाग पडलं. ट्यूब म्हाताऱ्याही होतात. अडीच हजार तासांनी बदला असं सांगतात, आणि छापखान्यात ती जळेपर्यंत कोणी बदलत नाही.

दिवा बरोबर आहे का, हे तपासायचं एक साधन मला अजून जादूसारखं वाटतं. अमेरिकेतल्या जीएटीएफ या छपाई-संशोधन संस्थेच्या नावाने चालणारी रेम पट्टी. बोटभर लांब, चिकटवायची. ५००० केल्विनच्या योग्य उजेडात ती सपाट, एकरंगी दिसते. ट्यूबखाली नेली की तिच्यावर पट्टे उमटतात. दोन शाया मुद्दाम अशा निवडलेल्या, की त्यांची बेरीज फक्त एकाच भावाला जुळावी. मेटामेरिझम, जो आयुष्यभर छळतो, त्यालाच पहाऱ्यावर बसवलेलं. मी ती अजून पाकिटात बाळगतो आणि कपड्यांच्या दुकानात काढतो, तेव्हा घरची माणसं दोन पावलं लांब उभी राहतात.

एवढी यातायात करून छापलेला अंक वाचक कुठे वाचणार? लोकलच्या दारात, झोपायच्या खोलीत, एसटी स्टँडच्या पिवळट दिव्याखाली. तिथे कोणी डी५० लावून ठेवलेला नाही. मग या ५००० चा उपयोग काय, असं एका संपादकांनी मला विचारलं होतं. वाचकाला एकच प्रत मिळते आणि त्याचा मेंदू ती सांभाळून घेतो. भांडण होतं ते प्रूफ एका हातात आणि शीट दुसऱ्या हातात धरणाऱ्या दोघांमध्ये. सातारच्या कचेरीत गिऱ्हाईक आणि पुण्याच्या प्रेसमध्ये मी फोनवर 'तांबडा जास्त वाटतोय' असं बोलतो, तेव्हा दोघं एकाच उजेडात उभे असावेत, एवढीच त्याची मागणी. तो खरा रंग दाखवत नाही. तो बाजारातला किलो आहे. दोघांच्या तराजूत एकच वजन असलं की पुरे.

त्या काविळीनंतर मालकांनी राखाडी कप्प्याचं प्रूफ-टेबल घेतलं, आणि ओके शीटवर सहीखाली तारीख-वेळेबरोबर 'टेबलावर' किंवा 'दारात' असं लिहायची पद्धत पडली. काकांनी मात्र टेबल येण्याची वाट पाहिली नव्हती. मुखपृष्ठ पुन्हा छापून झालं त्याच दिवशी त्यांनी पिवळ्या शाईच्या डक्टवर खडूने लिहिलं : रात्री हात लावू नये. खडू पुसला गेला की ते पुन्हा गिरवायचे. ते निवृत्त झाल्यावर कोणीतरी तिथे पांढऱ्या ऑइलपेंटने तेच लिहिलं.